आधी कडबा, मग ओवा



गेल्या पाच-सहा बैठकांत एक गोष्ट नेमाने घडते आहे. कापसाच्या भावाचे बोलून होते, ज्वारीच्या भावाचे बोलून होते, माणसे उठायला लागतात आणि मागच्या रांगेतला एखादा तरुण खिशातून घडी घातलेला कागद काढून पुढे येतो. कागदावर पांढऱ्या सशाचे चित्र असते. खाली लिहिलेले असते : दहा माद्या, दोन नर, पिंजरे आणि सहा महिने पुरेल एवढी वनस्पतिजन्य पुडी, सगळे एकरकमी. पुडीत काय आहे ते कुठेच लिहिलेले नसते. 'रसायन नाही, शंभर टक्के नैसर्गिक' एवढे मात्र ठळक अक्षरांत असते. आणि पुरावा म्हणून शेवटी एक ओळ : ठाणे जिल्ह्यात बदलापूरजवळ खरवईला या पुडीवर ससे पोसले जातात, तिथे पिल्लांची मर थांबली.

तरुण विचारतो, "भाऊ, घेऊ का?"

आम्ही शेतकीचे शिक्षण घेतलेले, म्हणून आमच्याकडून उत्तराची अपेक्षा. ऐकीव उत्तर देऊन पोराला कर्जात ढकलण्यापेक्षा खरवई एकदा डोळ्यांनी पाहून यावी असे ठरवले आणि गेलो. जे पाहिले आणि त्यावरून जे मत झाले, ते या अंकात मांडतो आहोत.

खरवईत काय पाहिले

खरवई हे अंबरनाथ तालुक्यातले, आता बदलापूर शहरात मिसळून गेलेले गाव. एका अंगाला औद्योगिक वसाहतीतले रसायनांचे कारखाने, दुसऱ्या अंगाला इमारती, मधे उरलीसुरली भातखाचरे. पाऊस आपल्या तिप्पट-चौपट. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकून पडली होती, तोच हा मुलूख. जून ते सप्टेंबर हिरवे गवत हवे तेवढे, आणि तेही पाण्याने निथळणारे.

शेड सापडली. चालवणारा तरुण आपल्याच भागातून गेलेला. दिवसा कारखान्यात पाळी करतो, सकाळ-संध्याकाळ वीस माद्या सांभाळतो. माणूस कष्टाळू आणि खोटे बोलणारा नव्हे. त्याने सगळे मोकळेपणाने दाखवले. मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, भाजीबाजारातला उरलेला पाला आणि पहाटे कापून आणलेले ओले गवत, असा त्याचा खुराक होता. पिल्ले महिन्याची झाली, आईपासून तोडली, की पुढच्या पंधरा दिवसांत पोट फुगून आणि हगवण लागून मरत. तेव्हा त्याने पुडी आणली. पहिल्या दोन वेतांत काही फरक पडला नाही. मग कुणी सांगितले म्हणून त्याने पुडी दुप्पट केली. त्याच सुमारास पावसाने गवत आणणे अवघड झाले, म्हणून त्याने भाताचा पेंढा आणि वाळलेले गवत विकत घेऊन टाकायला सुरुवात केली. मर एकदम कमी झाली.

आम्ही विचारले, "कशाने कमी झाली?"

तो म्हणाला, "पुडी दुप्पट केली त्यानं."

आम्ही म्हणालो, "आणि पेंढा?"

तो थांबला. "पेंढ्याचं मनातच आलं नाही, भाऊ. पेंढा काय औषध आहे?"

भावांनो, हा सगळा लेख त्याच्या या एका प्रश्नाचे उत्तर आहे. त्याचा अनुभव खरा होता, त्याने काढलेला अर्थ चुकला होता. आणि तो चुकलेला अर्थ छापील कागदावर चढून तीनशे कोस दूर आपल्या बैठकीत येऊन पोचला.

सशाचे पोट

गाय, म्हैस, शेळी यांना चार कप्प्यांचे पोट असते. चारा पहिल्या कप्प्यात आंबतो, मग रवंथ होते. ससा रवंथ करीत नाही. त्याचे आंबवण आतड्याच्या मागच्या टोकाला, एका मोठ्या पिशवीत होते. तिथले जिवाणू चाऱ्याचे तुकडे करतात, जीवनसत्त्वे बनवतात. त्यातून मऊ, चकचकीत लेंड्यांचा घोस तयार होतो आणि ससा तो आपल्या तोंडाने थेट गुदद्वाराशीच उचलून गिळतो. नवख्या माणसाला हे घाण वाटते, पण तो सशाचा रवंथच समजा. आपण सकाळी पिंजऱ्याखाली पाहतो त्या कोरड्या गोल लेंड्या वेगळ्या.

हे यंत्र चालते ते चोथ्यावर. आतड्यात जाडा चोथा असला तर आतडे हलते राहते आणि माल पुढे सरकतो. सशाच्या एकूण खाद्यात साधारण १४ ते १६ टक्के तंतू लागतात. चोथा कमी आणि भरडा जास्त झाला, की न पचलेले पीठ मागच्या पिशवीत जाऊन सडते, वाईट जिवाणू माजतात, त्यांचे विष रक्तात जाते. पोटफुगी, हगवण आणि दोन दिवसांत पिल्लू आडवे.

हे नेमके दूध तोडल्यावर का होते, त्यालाही कारण आहे. सशिणीच्या दुधात असे काही स्निग्धांश असतात, की ते पिल्लाच्या पोटातल्या वाईट जिवाणूंना आवर घालतात. दूध पितो तोवर पिल्लाला ही राखण मिळते. दूध तुटले की राखण गेली, आणि त्याच आठवड्यात आपण त्याच्यापुढे भरड्याची वाटी ठेवतो.

आता पेंढ्याचे काम ध्यानात येईल. पेंढा औषध नाही, पण पेंढ्यावाचून कोणतेही औषध लागू पडत नाही. भाताच्या पेंढ्यात पोसण्याजोगे फारसे नाही, तरी त्याने आतडे हलते ठेवले. आपल्याकडे ज्वारीचा वाळलेला कडबा आहे, तुरीचे, हरभऱ्याचे कुटार आहे. खरवईवाल्याला जे विकत आणावे लागते ते आपल्या गंजीत पडलेले आहे.

पुडीचा धंदा कुठून आला

वनस्पतींचा हा बोलबाला निव्वळ भोंदूपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याला मोठा इतिहास आहे. जनावर लवकर वाढावे म्हणून खुराकात रोज थोडे प्रतिजैविक मिसळायची चाल जगभर पडली. त्यातून औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार होतात हे दिसू लागले. स्वीडनने १९८६ साली ही चाल बंद केली. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खुराकात प्रतिजैविके घालण्यावर पूर्ण बंदी आणली. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये कॉलिस्टिन हे औषध खाद्योत्पादक जनावरांसाठी बंद केले. औषधाची ही जागा मोकळी झाली, तिथे काय घालायचे म्हणून शास्त्रज्ञ वनस्पतींकडे वळले. युरोपात ससा खाण्याची आणि पाळण्याची जुनी रीत आहे. तिथे थाईम, ओरेगॅनो, लसूण यांच्यावर प्रयोग झाले. काहींत पिल्लांची मर कमी दिसली, वाढ थोडी बरी दिसली. काहींत काहीच फरक दिसला नाही. पुडीवाल्याच्या कागदावर यातले पहिले वाक्य असते, दुसरे नसते.

सशाच्या बाबतीत प्रतिजैविकाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. लिंकोमायसिन, अँपिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन यांसारखी औषधे तोंडावाटे दिली, तर मागच्या पिशवीतले कामाचे जिवाणू मरतात आणि ससाही मरतो. कोंबड्यांसाठी आणलेले पाण्यातले औषध सशाला पाजू नका. पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय एक थेंबही नको. म्हणून वनस्पतीचा विचार सशासाठी रास्तच आहे. आमचा आक्षेप वनस्पतीला नाही. आतला माल लपवून ती आपल्यालाच विकण्याला आहे.

आपल्या धुऱ्यावर काय आहे

युरोपातल्या थाईममध्ये काम करणारे मुख्य द्रव्य थायमॉल. आपल्या ओव्याला जो उग्र वास येतो तो त्याच थायमॉलचा. लेकराचे पोट दुखले की आजी ओवा चावायला देते, ते उगाच नाही. परदेशी नावाच्या अर्काला मोजायचे पैसे आणि घरच्या डब्यातला ओवा, यांचे मूळ एकच आहे. खरवईची पुडी आम्ही हातावर घेऊन हुंगली. ओव्याचा आणि हळदीचा वास लपत नव्हता.

द्यायचा तर ओवा भरडून एक किलो खुराकात पाच ग्रॅमपर्यंत द्यावा. अति झाले की उग्र वासाने ससा खुराक खाणेच सोडतो. लसणाचे काम करणारे द्रव्य पाकळी ठेचल्यावर तयार होते आणि ठेवून ठेवून उडून जाते. सहा महिने पुडीत पडलेल्या लसणात किती जीव उरला असेल याचा विचार आपणच करावा. लसूण ताजा, तोही अगदी थोडा. जास्त लसणाने सशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

शेवग्याचा पाला ही आपली खरी ठेव. वाळलेल्या पाल्यात २५ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. शेवगा कोरडवाहूत तगतो, छाटला की पुन्हा फुटतो. सावलीत वाळवून तो कडब्याच्या कुट्टीबरोबर दिला, तर महागडी ढेप कमी लागते. ओव्या-लसणाला चव म्हणा, शेवग्याला अन्न म्हणा.

आता काय देऊ नये ते ऐका. आपण कापूस आणि ज्वारी पिकवणारे, म्हणून हे आपल्यालाच जास्त लागू आहे.

सरकी आणि सरकीची ढेप सशाला नको. सरकीत गॉसिपॉल हे विष असते. बैलाच्या, म्हशीच्या पहिल्या पोटात त्याचा जोर बराच मोडतो. सशाला ते पोटच नाही. हृदय, यकृत आणि नराची प्रजननशक्ती या सगळ्यांना त्याचा धोका.

ज्वारीचे कोवळे पोंगे, पाण्याच्या ताणातली ज्वारी, कापणीनंतर आलेले फुटवे नकोत. ते खाऊन बैल, गाय कशी पडते ते आपण पाहिलेले आहे. कुठे कुठे याला किराळ लागणे म्हणतात. तेच हायड्रोसायनिक विष सशालाही मारते. पक्व होऊन नीट वाळलेला कडबा मात्र चालतो.

सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन असते, त्यावरच ठेवलेल्या सशाचे केस गळतात. आणि बुरशी धरलेली शेंगदाण्याची ढेप किंवा मका कधीच नको. त्या बुरशीचे विष पचवण्यात ससा सगळ्यांत दुबळ्या जनावरांपैकी एक आहे. 'नैसर्गिक' म्हणजे 'निर्धोक' असे सांगणाऱ्याला ही यादी दाखवा. गॉसिपॉल, मिमोसिन, हायड्रोसायनिक आम्ल, तिन्ही नैसर्गिकच आहेत.

एक ओळ मोकळी ठेवा

कुणी सांगेल, आमच्याकडे पुडीने गुण आला. येवो. पण तो गुण पुडीचा की पेंढ्याचा, हे कसे ठरवणार? नवे खत आले की जाणता कास्तकार सगळ्या वावरात टाकत नाही. चार ओळी तशाच ठेवतो आणि काढणीला दोन्हीकडचा कापूस वेगळा तोलतो. सशालाही तेच करा. एकाच सुमाराच्या वेतांतली वीस पिल्ले घ्या. प्रत्येक वेतातली अर्धी इकडे, अर्धी तिकडे. पिंजरा, पाणी, कडबा, भरडा सगळे सारखे. एका गटाला ओवा, दुसऱ्याला नाही. दर आठवड्याला वजन करा, मेलेली मोजा, वहीत लिहा. एका खेपेने ठरवू नका, दोन-तीन खेपा करा. यात वही आणि तराजूपलीकडे खर्च नाही. खरवईच्या तरुणाने एवढे केले असते, तर चुकीची ओळ आपल्यापर्यंत आली नसती. जो पुडीवाला असा प्रयोग आपल्या खर्चाने तुमच्या शेडमध्ये करून दाखवायला तयार नाही, त्याची पुडी घेऊ नका.

पुडीचा पैसाही मोजा. एक किलो वजन वाढायला सशाला साधारण तीन ते चार किलो खाद्य लागते. म्हणजे किलोभर खाद्यामागे पुडीचा एक रुपया वाढला, तर किलोभर वजनामागे तीन-चार रुपये वाढले. व्यापारी ससा जिवंत वजनावर घेणार, त्यात पुडीचे वेगळे मोल देणार नाही.

भावाचा प्रश्न

आता मूळ मुद्दा. या सगळ्यावर सरकारी उपदेश ठरलेला असतो : शेती परवडत नाही ना, मग जोडधंदा करा. आधी म्हैस सांगितली, मग कोंबडी. मधल्या काळात इमू आला आणि २०१२ साली तामिळनाडूतली इमूची मोठी योजना कोसळली. २०१९ साली कडकनाथ कोंबडीच्या नावाने पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी फसवणुकीच्या तक्रारी पोलिसांत नेल्या. या योजनांची घडण बघा. पैसा पक्ष्याच्या मांसातून येत नव्हता, पुढच्या गिऱ्हाइकाला अंडी-पिल्ले विकण्यातून येत होता. नवे गिऱ्हाईक थांबले, योजना संपली. सशाच्या कागदावर 'पिल्ले आम्हीच परत घेऊ' असे लिहिले असेल, तर विचारा : आणि तुम्ही कुणाला विकणार? खाणाऱ्याला की पाळणाऱ्याला?

खरवईला कल्याण, उल्हासनगर, मुंबई जवळ आहे, ससा खाणारा थोडाफार तरी सापडतो. आपल्याकडे शेळीला कोणत्याही आठवडी बाजारात गिऱ्हाईक उभे असते. सशाला बाजारात कोण विचारतो ते आधी जाऊन पाहा. ऊन हाही भाव मोजण्याचाच भाग आहे. सशाला घाम येत नाही, कानांतून उष्णता टाकतो. पारा तिशीपार गेला की तो धापा टाकतो, नर नापीक होतो. आपल्या मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे दक्षिणेतले केंद्र, जिथे सशांवर काम चालते, ते कोडाईकनालच्या डोंगरात मन्नवनूरला आहे. त्या गारव्यातले आकडे आपल्या टिनाच्या शेडला लागू करू नका. छपराला कडबा-पऱ्हाटीचे आच्छादन, झाडाची सावली, उन्हाळ्यात मादी न लावणे, एवढी तयारी नसेल तर ससा आणूच नका.

१९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. त्यातली पहिली सीताशेती. घरच्या लक्ष्मीच्या हातची, बाहेरून विकतचे काही न आणता निसर्गाशी जुळवून घेणारी, कमीत कमी खर्चाची. ससा पाळायचाच असेल तर त्याची जागा तिथे आहे. चार माद्यांपासून सुरुवात. खुराक गंजीतला आणि धुऱ्यावरचा, ओवा घरच्या डब्यातला, कर्ज शून्य. झाले तर घरच्या ताटात मांस, वावराला लेंडीखत. आणि पाला तोडणे, पिंजरा झाडणे, रात्री पिल्ले पाहणे हे काम घरातली बाईच करणार आहे, तर चार पैसे सुटतील ते तिच्या हाती पडले पाहिजेत. घरधन्याने कागदावर सही करून आणायची आणि बाईने निस्तरायचे, हा जोडधंदा आम्हाला मान्य नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. कापसाला आणि ज्वारीला उत्पादनखर्चाइतका भाव मिळाला असता, तर तो तरुण तो कागद खिशात घालून फिरला नसता आणि खरवईचा तरुण गाव सोडून कारखान्यात गेला नसता. सशाने कापसाच्या तोट्याची भरपाई होत नाही. कोणतीही पुडी ती करू शकत नाही. भावाची लढाई ढिली करून जोडधंद्याच्या मागे लागणे म्हणजे पोराला भरडा घालून पेंढा विसरण्यासारखे आहे.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे असे कागद आले असतील त्यांनी ते घेऊन यावे. चार प्रश्न त्यावर लिहून ज्याने दिला त्याला परत करू : पुडीत काय, किती? प्रयोग कुठे झाला, बिनपुडीच्या गटाचे आकडे काय? ससा शेवटी खाणार कोण? आणि भाव पडला तर नुकसान कुणाचे? चारांची उत्तरे लेखी आली, तर आम्ही स्वतः त्याला बैठकीत बोलायला बोलावू. तोवर गंजीवरचा कडबा झाकून ठेवा, आणि धुऱ्यावर शेवग्याच्या चार फांद्या लावायला पावसाळ्याची वाट पाहा. ससा आला नाही तरी शेवगा आपल्याच ताटात पडणार आहे.